कावड परक्या खांद्यावर

श्रावणबाळाची गोष्ट मला कधी पटली नाही. आंधळ्या आईबापाला कावडीत बसवून तीर्थं दाखवली, त्यांच्यासाठी पाणी भरायला गेला आणि राजाच्या बाणानं मेला. आईबापही तहानेलेच गेले. असल्या लेकराचं देवानं काय भलं केलं? अण्णांना, म्हणजे वडिलांना, असं विचारलं की ते म्हणायचे, "तुझी जीभ लई चालती. जरा खांदा चालव."

आमच्या पाथर्डी तालुक्यात पैठणहून गोदावरीचं पाणी कावडीनं पायी आणून इथल्या देवळातल्या नाथांना स्नान घालायची रीत आहे. वाटेत कावड जमिनीला टेकवायची नाही, गाडीत चढवायची नाही. अण्णांनी हा नेम कधी चुकवला नाही. यंदा शुगरनं त्यांचे डोळे गेले, त्यांनी अंथरूण धरलं आणि कावड माझ्याकडे आली. निव्वळ त्यांच्या हट्टापायी गेलो, तेही गावची मंडळी निघून गेल्यावर, एकटाच.

पाणी घेऊन परतताना, वाटेवरचं तिसगाव अजून लांब होतं तेव्हा बहिणीचा फोन आला. "अण्णांचं काय खरं न्हाई. पाणीसुदा घेईनात, तुझीच वाट बघत्यात." गावाकडं जाणाऱ्या जीपा मागून येत होत्या, पण कावडीचं काय करू? टेकवली तर त्यांचा नेम मोडतो, चालत गेलो तर ते हाती लागत नाहीत. देवाचा असा संताप आला म्हणता! भर रस्त्यात मी मोठ्यानं रडलो.

मागून एक उतारवयाचा माणूस आला. काय झालं ते त्यानं ऐकून घेतलं, माझ्या खांद्याला खांदा लावला आणि कावड अलगद आपल्या खांद्यावर घेतली. "नाथाला मी पोचवतो. बाप तहानेला हाय तुझा, पळ!" मी एका जीपला हात केला.

घरी अण्णांनी माझा हात चाचपला. मी पाण्याची वाटी तोंडाशी नेली तर ओठ मिटून घेतले. "गाडीनं आलास. कावड कुठं टेकवली?"

श्रावणाच्या बापानंही राजाच्या हातचं पाणी असंच नाकारलं होतं.

"टेकवली न्हाई, अण्णा. एकानं खांद्यावर घेतली."

"कोन?"

"नाव न्हाई इचारलं."

अण्णांचा चेहरा निवळला. "त्याला काय नाव इचारतो, येड्या," म्हणाले आणि तोंड उघडलं. सगळी वाटी प्याले. दिवस मावळायच्या आत ते गेले.

कावड देवळात पोचली, पाणी घालून तो माणूस निघून गेला, असं पुढं पुजाऱ्यानं सांगितलं. तो कोण, हे मी शोधलं नाही. वाटसरू असेल, आणखी कुणी असेल. माझा त्याला रोज नमस्कार असतो. श्रावणाच्या नशिबी असा कुणी का आला नाही, हे मला अजून उमजत नाही, पण आता देवाशी भांडत नाही. आपलं ओझं त्याच्यावर सोपवलं की आपले हात मोकळे होतात, एवढंच कळलं. त्या मोकळ्या हातांनी मी माझ्या बापाला पाणी पाजलं.