ठराव क्रमांक सात आणि उष्टी हळद

क्षेपणास्त्रं आणि ड्रोन अडवणारी ढाल अख्ख्या देशावर बसवायची, त्यासाठी कायदा करायचा, अशी चर्चा टीव्हीवर सुरू झाली आणि आमच्या बाबांच्या अंगातच आलं. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले, वर अंबरनाथच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं! "दिल्लीचा येईल तेव्हा येईल, आपण आपला करून ठेवू," म्हणाले. ठराव असा: बिल्डिंगवर ड्रोन दिसला की दिसेल त्याने ताट बडवायचं, ब्लॅकआउटसाठी वॉचमनने मेन स्विच पाडायचा, आणि सेक्रेटरीच्या लेखी हुकमाशिवाय तो चालू करायचा नाही. मीटिंगमध्ये समोसे थंड होत होते, म्हणून सगळ्यांनी न वाचताच सह्या ठोकल्या. मीसुद्धा.

पुढच्या महिन्यात गच्चीवर माझी हळद. आमच्यात नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. ती घेऊन होणाऱ्या सासूबाई बदलापूरहून निघाल्या. बाई मानपानाला भलत्या कडक. आईला आठ दिवस झोप नव्हती.

उल्हासनगर कॅम्प एकच्या फोटोग्राफरने न विचारताच ड्रोन उडवला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ताट बडवलं. वॉचमनने स्विच पाडला. आणि लिफ्ट अडकली, सासूबाई आणि हळदीच्या वाटीसकट!

"अरे, चालू कर!" बाबा जिन्यातून ओरडले.

"साब, लिख के दो. रूल आपकाच है."

मेला जन्मात एकदा नियमाने वागला, तो नेमका त्या दिवशी! शेवटी बाबांनी माझ्याच लग्नपत्रिकेच्या पाठीवर हुकूम लिहून दिला.

लिफ्ट उघडली. सासूबाई लालबुंद, घामाघूम. आईने हात जोडले. मी डोळेच मिटले; म्हटलं, मोडलं लग्न.

"हळद सांडलेली नाही," त्या म्हणाल्या. "आता तो ठराव दाखवा." उभ्याउभ्या वाचला. "आमच्याकडे मी चेअरमन आहे, पण मेलं कोणी ऐकतच नाही. याची एक झेरॉक्स द्या हो."

बाबांनी खुशीत ड्रोनलाही अर्ध्या तासाची लेखी परवानगी देऊन टाकली.

व्हिडिओ लग्नानंतर बदलापूरला बघितला. वरून दिसतंय: मी पिवळीधमक, बायका नाचतायत, आणि पाण्याच्या टाकीआड बाबा एकटेच ढसाढसा रडतायत. मग त्यांनी वर बघितलं. ड्रोन दिसला. शेजारी ताट पडलं होतं. त्यांनी ते उचललं, आणि तोंडासमोर धरलं.