पाण्याची गोष्ट माझी नव्हती

"ग्रँडमा, जरा उठून उभ्या राहता का? त्या भिंतीला पाठ लावून?"

माझ्या मुलाच्या घरात, जर्मनीतल्या नेकारसुल्मला, मी सोफ्यावर बसले असताना मला असं सांगण्यात आलं. सांगणारी बाई अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची कोच. वय पस्तिशीच्या आतलं. मी एकाहत्तर वर्षांची. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली.

मी उठले. सपाता काढल्या. भिंतीला पाठ लावली.

"आता हात पसरा. असे, दोन्ही बाजूंना."

पसरले. तिने फोन धरून माप घेतलं. मग माझ्या नातीकडे, मित्राकडे वळून म्हणाली, "बघ, लांब हात कुठून आले ते कळलं." सगळे हसले. मीही हसले. तेच मला अजून सलतं. हात पसरून उभी होते आणि हसत होते.

नातवंडांनो, तुम्ही नागपूरला. मित्राताईला अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही असं तुमच्या मामाने फोनवर सांगितलं, हे मला माहीत आहे. ते खोटं आहे. व्हिसापर्यंत गोष्ट गेलीच नाही. काय झालं ते मी सांगते. क्रमाने सांगते. मला क्रमाशिवाय सांगता येत नाही.

सांगितलं की उठायचं, ही सवय मला शाळेत लागली. आमच्या गावच्या शाळेत महिन्यातून एकदा मास्तर हजेरी झाल्यावर म्हणत, "स्कॉलरशिपवाले, उभे राहा." आम्ही चौघं उठायचो. तीन मुलगे आणि मी. ते मोजायचे. चौघांना मोजायला वेळ किती लागतो? पण ते बोट दाखवून, थांबून थांबून मोजायचे. वर्गाला नीट बघता यावं म्हणून. मग म्हणायचे, "बसा, सरकारचे जावई." वर्ग हसायचा. मी अकरा वर्षांची होते आणि वर्गात पहिली होते. पहिल्या नंबरासाठी मला कोणी कधी उभं केलं नाही.

असो. कोच ऑक्टोबरात आली. मित्रा तेव्हा बाराव्या वर्गात, इथल्या क्लबकडून खेळायची. तिचा खेळ मी बघितलाय. चेंडू तिच्या हातात आला की बाकीच्या पोरी उशिरा जाग्या झाल्यासारख्या वाटतात. कोचनेही तेच बघितलं होतं. तिला मित्रा हवी होती. पूर्ण शिक्षण, राहणं, जेवण, सगळं कॉलेजचं.

मी पाटवडीचा रस्सा केला होता. ज्वारीच्या भाकरी. तुमचा मामा म्हणाला, "आई, तिला पास्ता करू, तिखट खायची नाही." मी ऐकलं नाही. ती बाई बोटांनी जेवली. भाकरी तोडून, रश्श्यात बुडवून. नाक पुसत पुसत दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

माझी चूक इथे झाली. ती तुम्हाला कळावी म्हणून थोडं मागचं सांगते. एकाच शाळेत मी सव्वीस वर्षं होते. स्टाफरूममधल्या बायका माझ्या मैत्रिणी होत्या. बारशी, लग्नं, वास्तुशांती, सगळीकडे मी आहेर घेऊन गेले. माझ्याकडे आल्या की त्या म्हणायच्या, "अहो आज उपास आहे." "आत्ताच जेवून आले हो." "नुसता चहा टाका, तोही अर्धा." सव्वीस वर्षं त्यांना माझ्या दारात उपास लागायचे. म्हणून जो माणूस माझ्या घरी पोटभर जेवला, तो आपला झाला, असा एक हिशेब माझ्या डोक्यात कायमचा बसलाय. कोणी म्हणेल हा वेडेपणा आहे. ज्यांच्या घरी सगळेच जेवतात त्यांना तो वेडेपणाच वाटणार.

कोच जेवली. माझ्या दृष्टीने शब्द दिला गेला.

जेवण झाल्यावर तिने विचारलं, "तुमच्याबद्दल ऐकायला आवडेल. भारतात तुम्ही त्या जातींपैकी ना?" तुमच्या मामाने तिला आधी कधीतरी सांगितलं असणार. मी शाळेतलं उभं राहणं सांगितलं. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "आणि पाणी? मी वाचलंय, पाणीसुद्धा वरून ओतायचे."

ती गोष्ट माझ्या आईची आहे. माझी नाही. आमच्या शाळेत नळ होता आणि त्या नळाला मी तोंड लावून पाणी प्यायले आहे. आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे आणि ओतता ओतता ओंजळ मुद्दाम चुकवायचे. पातळ भिजलं की आई तशीच मजुरीला जायची. मरेपर्यंत तिने हे मला दोनदाच सांगितलं. दोन्ही वेळा तिची नजर जमिनीवर होती.

मी ती गोष्ट "मी" म्हणून सांगितली. उत्तम इंग्रजीत. लेकराचं काम होतंय तर होऊ दे, असं मनात म्हणाले. कोचने फोनवर सगळं रेकॉर्ड केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

महिनाभरात कॉलेजच्या लोकांनी त्याची छोटी फिल्म करून पाठवली. आधी माझा चेहरा, मग माझा आवाज, मग मित्रा पळत येऊन बास्केट करते. मित्राने ती तिच्या इन्स्टाग्रामवर टाकली. ती खूश होती. स्कॉलरशिपचे कागद वसंतात येतील, असं कोच म्हणाली होती.

आणखी एक कॉलेज होतं. लहान, फारसं कोणाला माहीत नसलेलं. त्यांनी कागद आधीच पाठवला होता, सहीसाठी. मित्राने मला विचारलं, "आजी, वास माइन्स्ट दू?" तुला काय वाटतं? मी म्हणाले, "दोन डगरींवर हात ठेवू नये. ही बाई आपल्या घरी जेवून गेली आहे." कागद पाठवणाऱ्यांना आम्ही नाही म्हणालो. माझ्या सांगण्यावरून.

मग मराठी मंडळाचं हळदीकुंकू झालं, शेजारच्या हायलब्रॉनला. आमच्या आडनावावरून जात कळत नाही. सात वर्षं कोणाला कळलं नव्हतं. तुमच्या मामाने कधी सांगितलं नाही, मीही नाही. त्या दिवशी एक काकू माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांचे यजमान आणि तुमचा मामा एकाच प्लांटमध्ये.

"फिल्म बघितली हो तुमची," त्या म्हणाल्या. "आम्हाला काही कल्पनाच नाही. सांगायचंत की."

"काय सांगायचं?"

"तसं नाही हो. आम्ही असलं काही मानत नाही. पण बरं झालं, मित्राचं काम झालं. तिकडेही आता तुमच्यासाठी सोय असेल ना काहीतरी."

"तिचा खेळ बघितलात कधी?"

"नाही, वेळ कुठे मिळतो."

त्यानंतर त्या लाडू देत देत पुढे गेल्या. मला दिला. पण माझ्या डब्यातल्या करंज्या त्या दिवशी जशा नेल्या तशा परत आणल्या. आधीच्या सात वर्षांत डबा रिकामा यायचा.

मे महिन्यात कोचचा मेल आला. तिकडे एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायला निघालेल्या मुलींची दर वसंतात मोठी यादी लागते. तीन-तीन वर्षं खेळून तयार झालेल्या मुली. कोचला त्यातल्या दोघी मिळाल्या. स्कॉलरशिपच्या जागा मोजक्या. मित्राची जागा गेली. मेलमध्ये ही बातमी चौथ्या ओळीत होती. पहिल्या तीन ओळींत त्यांचं आमच्या कुटुंबावर किती प्रेम आहे ते होतं. लहान कॉलेजची जागाही तोवर भरली होती.

मित्रा दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी कोचचा फोन आला, व्हिडिओवर बोलूया म्हणाली. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. दुपारचे चार. तिकडे सकाळ. तिच्या हातात कॉफीचा मोठा पेला होता.

तिने एक मार्ग काढला होता. मित्राने टीममध्ये यायचं, पण स्कॉलरशिपशिवाय. खर्चाचं काय? तर कॉलेजला मदत करणारी काही श्रीमंत घराणी आहेत. अडचणीतून वर आलेल्या मुलींना ती हात देतात. त्यांच्यासमोर मी एकदा बोलायचं. ऑनलाइन, अर्धा तास.

"ग्रँडमा, तुम्ही सगळ्यांना रडवलं होतंत. तेच पुन्हा हवंय. विशेषतः पाण्याचा भाग."

"मित्राचा खेळ कसा आहे?" मी विचारलं.

"उत्तम आहे. त्यात प्रश्नच नाही."

"मग जागा का गेली?"

"टीमची गरज बदलते. यात वैयक्तिक काही नाही."

"माझ्याकडून जे मागताय ते तर वैयक्तिकच आहे."

तुमचा मामा टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावत होता. मी म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं आहे. ती पाण्याची गोष्ट माझी नाही. माझ्या आईची आहे. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मला वाटलं होतं ती चिडेल. मी माफी मागायची तयारी ठेवली होती. तिने कॉफीचा घोट घेतला.

"इट्स फाइन," ती म्हणाली. "कोणी तपासणार नाही."

मजुरीला जाताना भिजलेलं ते पातळ. कोणी तपासणार नाही.

मित्राने माझा दंड धरला. "आजी, बिटे." प्लीज. तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. एकदा हो म्हटलं असतं तर पोरगी विमानात बसली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. आजही कळतं.

मी म्हणाले, "नाही. मी बोलणार नाही. आणि तुमच्याकडे असलेलं माझं बोलणं पुसून टाका. तसं मला लेखी कळवा."

"मला वाटतं तुम्ही भावनेच्या भरात—"

"लेखी," मी म्हणाले.

स्क्रीन बंद झाल्यावर तुमचा मामा म्हणाला, "आई, एक अर्धा तास होता फक्त. अर्धा तास." आणि उठून बाल्कनीत गेला. मित्रा जर्मनमध्ये बोलली. सावकाश बोलली, मला एकेक शब्द कळावा म्हणून. जागा तिची होती, निर्णयही तिचा असायला हवा होता, दोन्ही वेळा मीच ठरवलं.

तिचं खरं आहे. त्या फोनला सात आठवडे झाले. ती माझ्याशी जेवायला ये, औषध घेतलंस का, एवढंच बोलते. कायझर्सलाउटर्नच्या युनिव्हर्सिटीत तिने अर्ज केलाय. तिथल्या क्लबात खेळेल म्हणते. कदाचित ती मला माफ करणार नाही. ती किंमत मी मोजते आहे, आणि थोडी तीही मोजते आहे. हे मी गोड करून सांगणार नाही.

पण त्या दिवशी हो म्हटलं असतं, तर कॉलेजची चारही वर्षं दरवर्षी कोणीतरी माझ्या आईची ओंजळ मागितली असती. आणि माझी नात, जिच्या खेळात प्रश्नच नाही, ती त्या ओंजळीच्या जोरावर टीममध्ये आहे असं तिकडे सगळ्यांनी धरलं असतं. हळूहळू तिनेही.

कॉलेजकडून लेखी उत्तर आलेलं नाही. मी दर सोमवारी मेल पाठवते. तारीख घालून, क्रमांक घालून. येईपर्यंत पाठवणार.

मंडळातही जाणार आहे. पुढच्या महिन्यात मला बोलायचं आहे असं कळवलंय. आम्ही कोण, ते मी स्वतः सांगणार. कोणाच्या फोनवरून नाही. सात वर्षं आम्ही ते लपवलं आणि एका संध्याकाळी विकायला काढलं. दोन्ही मी करणार नाही. पुन्हा कधीच नाही.

आणि तुम्हाला एक सांगून ठेवते. तुम्ही हुशार आहात, उद्या तुमच्याही दारात माणसं येतील. जागा देतो म्हणतील. मग हळूच म्हणतील, तुमच्या घरातलं काहीतरी सांगा ना. पणजीचं सांगा. पाण्याचं सांगा. त्यांना म्हणा, माझे मार्क बघा, माझं काम बघा, घ्यायचं तर त्यावर घ्या. ऐकत नसतील तर माझा नंबर द्या. मी असेपर्यंत नाही म्हणायचं काम माझं. मी गेल्यावर तुमचं.