मास्तरकाकांचा ओठ

मास्तरकाकांनी आयुष्यात कधी गरम चहा प्यायला नाही. चहा बशीत ओतायचा, साय धरेपर्यंत थांबायचं आणि मग दोन घोटांत संपवायचा. लिंबाची फोड नाही, मिरचीचं लोणचं नाही, पान तर नाहीच नाही. थंडीत सगळं जबलपूर मफलर कानाला गुंडाळतं, हे तोंडाला गुंडाळायचे. झोपताना ओठांना साजूक तूप. माझ्या लग्नात आमच्या मामांनी आग्रहानं त्यांच्या पानात झणझणीत रस्सा वाढायला घेतला, तर काका हात जोडून म्हणाले, "माफ करा जी. पोट माझं आहे, पण ओठ फॅक्टरीचा आहे."

फॅक्टरीत ते फिटर होते. माझे बाबाही त्याच सेक्शनमध्ये. पण काकांना फिटर म्हणून कुणी ओळखत नसे. ते फॅक्टरीच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे तुतारीसारखं फुंकायचं छोटं पितळी वाद्य, वाजवायचे आणि बँड बसवायचेही, म्हणून मास्तर. आमच्याकडे माणूस रिटायर झाला की शेवटच्या दिवशी त्याला हार घालून, गुलाल उधळून, गेटपासून घरापर्यंत वाजत नेतात. काकांच्या सेक्शनमध्ये भाड्याचा बँड कधी आला नाही, काका स्वतः वाजवत पुढे चालायचे. माझ्या बाबांनाही त्यांनीच घमापुरातल्या आमच्या घरापर्यंत आणलं होतं. चौथ्या गल्लीत बाबांना रडू कोसळलं, तसं काकांनी चाल बदलून अशी काही नाचरी धून धरली की बाबा रडता रडता हसायला लागले. स्वतःच्या रिटायरमेंटला हार गळ्यात घालून त्यांनी स्वतःच वाजवलं. लोक हसले. काका म्हणाले, "दुसऱ्याच्या हाती दिलं असतं तर बेसूर घरी पोचलो असतो."

त्यांनी तयार केलेल्यांपैकी एकच जण मग नोकरीत उरला, ड्रम वाजवणारा रामसजीवन. त्याला काकांनी त्याच दिवशी गेटवर शब्द दिला, "तुला घरी मीच नेईन." तो म्हणाला, "दादा, आप बजाओगे तभी गेट से निकलूँगा, नहीं तो वहीं बैठा रहूँगा."

मी त्यांची विद्यार्थिनी. मराठी मंडळाच्या गणपतीत मुलींचा बँड काढायचं खूळ काकांच्या डोक्यात आलं, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. पहिला महिनाभर त्यांनी आम्हा दहा जणींना नुसता माउथपीस दिला, वाद्याला ओठ लावतात तेवढाच तुकडा. आम्ही घरोघरी म्हशीसारख्या हंबरत होतो. एक दिवस ते आमच्या घरी येऊन आईला म्हणाले, "वहिनी, अंजूचा ओठ फार चांगला आहे." आईनं हातातली पोळी तव्यावरच सोडली. परक्या माणसानं मुलीच्या ओठाबद्दल बोलावं! बाबांना अर्धा तास समजूत घालावी लागली. पण मला त्या दिवशी जे वाटलं ते नंतर बीएडच्या निकालालाही वाटलं नाही.

बारावीनंतर माझं वाजवणं सुटलं. काकांनी त्याबद्दल कधी बोल लावला नाही. ओठाबद्दलचं त्यांचं म्हणणं मात्र कुठेही भेटले तरी ऐकवायचे, "बेटा, ओठ म्हणजे भाड्याची खोली. आपण रोज राहायला नाही गेलो तर दुसरं कोणी येऊन बसतं." स्वतः ते रोज जायचे. पुढे विजय नगरमध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर त्यांनी फ्लॅट घेतला. सकाळी पावणेसातला गॅलरीत उभे राहून पंधरा मिनिटं नुसते लांब सूर, मग पंधरा मिनिटं एखादी चाल. तिसऱ्या मजल्यावर माझ्या मुलाला शाळेसाठी उठवायला मला कधी घड्याळ लावावं लागलं नाही.

बिल्डिंगच्या समितीची सचिव मी. पात्रता एवढीच की शाळेत शिकवत असल्यामुळे मला शुद्ध हिंदीत सूचना लिहिता येतात. गाडी कुठे लावावी, कचरा कधी ठेवावा, कुणालाही न दुखावता लिहायचं. या कलेचा मला थोडा गर्वही होता.

पहिल्या लॉकडाउनमध्ये काका सगळ्यांचे लाडके होते. सगळे घरात कोंडलेले, संध्याकाळी ते गॅलरीत वाजवायचे, लोक आपापल्या गॅलरीतून फर्माईशी करायचे. दुसऱ्या लाटेत सगळं फिरलं. तळमजल्यावरच्या दुबेजींचा धाकटा भाऊ चार दिवसांत गेला. काकांच्या गॅलरीच्या बरोबर खाली त्यांचं अंगण. कॉर्नेटला खाली एक कळ असते. वाजवताना आत साठलेलं श्वासाचं पाणी ती दाबून काढून टाकावं लागतं. काका नेहमी ते कुंडीत टाकत आले होते, पण दोन थेंब खाली गेले असतील. दुबेजी माझ्या दारात दोन हात लांब उभे राहिले. डोळे लाल. "दीदी, वो पूरे ज़ोर से फूँकते हैं। सबकी साँस में जाएगा। कुछ तो करिए।" बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर त्याहून वाईट लिहिलं जात होतं. त्यांची भीती खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. मीसुद्धा घाबरले होते.

मी खाली जाऊन "काका, थोडे दिवस बंद ठेवा" एवढं म्हणायला हवं होतं. ज्यांनी माझ्या हातात वाजा दिला त्यांना वाजवू नका म्हणायला माझी जीभ रेटेना. मग मी माझी कला वापरली. रात्रीतून सूचना टाइप केली आणि सकाळी जिन्याजवळच्या बोर्डावर काचेच्या आत लावली: 'वाद्ययंत्र बजाते समय भी मास्क अनिवार्य है।' कुणाचं नाव नाही, मनाई नाही, कुणाला वाईट वाटायला नको. सगळ्या बिल्डिंगला ती सूचना रास्त वाटली. मास्क लावून कॉर्नेट वाजत नाही हे त्या बिल्डिंगमध्ये काकांखेरीज एकाच माणसाला माहीत होतं, आणि सूचनेखाली सही त्याच माणसाची होती. ओठ धातूला उघडा लागावा लागतो, श्वास तोंडाच्या कोपऱ्यातून घ्यावा लागतो. हे मला त्यांनीच शिकवलेलं.

माझा हिशेब असा होता की काका वाचतील, समजतील आणि आपण होऊन थांबतील. पण चाळीस वर्षं फॅक्टरीत काढलेला माणूस. बोर्डावर लागलं म्हणजे ते पाळायचं असतं. तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे. फिटरच्या व्हर्नियर मापपट्टीनं माउथपीस मोजून काकूंकडून त्यांनी मास्क शिवून घेतला होता, मधोमध बारीक टाके घातलेली गोल चीर. कॉर्नेटच्या पुढच्या रुंद तोंडावर जुन्या साडीची नाडीवाली टोपी. "बघ बरं," ते म्हणाले, "नियमात बसतं का?"

मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. दुबेजींनी लिहिलं, 'छेद वाला मास्क तो मास्क ही नहीं हुआ।' खालोखाल दहा-बारा अंगठे. मी काकांना म्हणाले, "काका, भोक नाही चालत म्हणताहेत. अख्खा हवा."

"अख्खा?" त्यांनी मास्क उलटसुलट करून पाहिला. माझ्याकडेही पाहिलं. मी जिन्याकडे बघत होते. "अच्छा," ते म्हणाले. "चलो, बघतो काय होतं ते."

दोन दिवस गॅलरीतून फुसफुस ऐकू आली. पोरं हसली, कुणीतरी व्हिडिओ काढला. मग काहीच ऐकू येईना. मला हायसं वाटलं, हे मी लपवणार नाही. त्यांनी सोडलं, प्रश्न मिटला, माझ्या तोंडून वाईट शब्दही गेला नाही. लाट ओसरली, बाजार उघडले, लग्नांत बँड वाजायला लागले. बोर्डावरची सूचना काढायची राहून गेली. येताजाता ती दिसायची, पण बोर्डाच्या काचेची चावी कुठे ठेवली ते आठवायचं नाही.

पुढच्या वर्षी रामसजीवन रिटायर झाला. काकांनी मला गाडी घेऊन गेटवर न्यायला सांगितलं. कडक इस्त्रीचा जुना बँडचा कोट, पॉलिश केलेला कॉर्नेट. रामसजीवन गळाभर हार घालून गेटच्या आत थांबला होता, शब्दाप्रमाणे. काकांनी कॉर्नेट ओठाला लावला आणि नुसती हवा आली. पुन्हा लावला. तीन सूर निघाले, चौथा फाटला. त्यांनी वाजा खाली घेऊन वरचा ओठ बोटांनी चोळला. मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, ओठावर माउथपीसच्या आकाराचा पांढरट कडक वण पडला होता. तिसऱ्यांदा एवढ्या जोरात दाबून फुंकलं की मान थरथरायला लागली. रामसजीवन गेटमधून बाहेर आला आणि त्यानं काकांचा हात धरून खाली केला. "चलो दादा, ऐसे ही चलते हैं।" मिरवणूक ढोलावर गेली. काका कॉर्नेट काखेत धरून शेवटपर्यंत चालले.

परतताना गाडीत म्हणाले, "ओठ गेला, बेटा. वय झालं."

तेव्हा तरी बोलायचं. मी गिअर बदलला आणि म्हणाले, "हो काका. वय तर होणारच."

त्यानंतर वर्षभरात काकांच्या मुलानं त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. सामान बांधायला मी गेले. स्वयंपाकघरात काकू कपबशा मलमलच्या चौकोनी तुकड्यांत गुंडाळत होत्या. असे तीस-चाळीस तुकडे. प्रत्येकावर मधोमध एक गोल डाग, कुठे तांबूस. मी विचारलं, हे कशाचे?

"ह्यांचेच तर," काकू म्हणाल्या. "तू ते बोर्डावर लिहिलं ना, तेव्हापासून. कोठीत दार लावून रोज बसत. कापडावरून फुंकायचे. कधी जाड कापड, कधी पातळ, कधी ओलं करून. ओठातून रक्त यायचं. मी म्हणे, काहून जीव देऊन राहिले? तर मला म्हणत, अंजूनं लिहिलंय. तिला स्वतःला वाजवता येतं. ती लिहिते म्हणजे जमतच असणार. माझंच कुठंतरी चुकून राहिलं."

"कधीपर्यंत?"

"रामसजीवनच्या आदल्या दिवसापर्यंत. बोर्डावर होतंच ना लिहिलेलं."

मी बाहेरच्या खोलीत गेले. काका पुस्तकांच्या खोक्याला सुतळी बांधत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "काका, मास्क लावून कॉर्नेट वाजत नाही. कुणालाच वाजत नाही. मी ते लिहिलं तेव्हाच मला माहीत होतं. तुम्हाला बंद करा म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून तसं लिहिलं."

त्यांचे हात थांबले. मी मान खाली घालून वाट पाहत होते. ते ओरडले असते, चाललं असतं. निघ म्हणाले असते तरी चाललं असतं.

"पक्कं?" त्यांनी विचारलं.

"पक्कं."

"तुला पण नसतं जमलं?"

"मला काय, कुणालाच नाही जमत, काका."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. सुतळी टाकून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "अगं, ऐकलंस का? माझं काही चुकत नव्हतं! अंजू सांगून राहिली, कुणालाच जमत नाही!"

काकू हातात कप घेऊन बाहेर आल्या. त्यांनी काकांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि परत आत गेल्या. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "फार बरं केलंस सांगितलंस ते," म्हणाले. "मला वाटायचं, चाळीस वर्षं वाजवून मला काही येतच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी निघाली तेव्हा ते दुबेजींनाही तेच सांगत होते, हसत हसत, की मास्क लावून कुणालाच जमत नाही. मला माफ करावं लागेल असं काही मी केलंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. दोन वर्षं हा माणूस स्वतःला नालायक समजत होता, त्यातलं पहिलं वर्ष तर कोठीत बसून रक्त येईपर्यंत स्वतःची चूक शोधत होता. आणि त्यांना सोडवणारं ते एक वाक्य पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ होतं, दोन मजले वर.