रविवार सकाळचा अर्ल

"आवाज अर्लचाच राहील. फक्त अर्ल येणार नाही," आमची मॅनेजर लिंडा म्हणाली.

मी स्टुडिओत मायक्रोफोनची वायर बदलत होतो. "त्याला सांगितलंय?"

"एचआर सांगेल."

ओहायोत, कोलंबसजवळच्या एका रेडिओ स्टेशनवर मी इंजिनिअर आहे. अर्ल आमचा निवेदक, ऐंशीच्या पुढचा. दर रविवारी सकाळी तो लाइव्ह यायचा आणि आपल्या तरुणपणातलं रॉक अँड रोल आणि डू-वॉप वाजवायचा. डू-वॉप म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून पोरांनी म्हटलेली गाणी. वाद्यं परवडायची नाहीत, म्हणून एकजण गायचा आणि बाकीचे तोंडानेच सूर आणि ठेका धरायचे. अर्लही अशाच एका ग्रुपमध्ये खालचा सूर लावायचा.

माझी मुलगी सई हायस्कूलमध्ये आहे. ती शोला फोन करून फर्माईश सांगायची. गाणं वाजत असताना अर्ल तिला फोनवर खालच्या सुराची ओळ म्हणून दाखवायचा. त्या नादात तिने शाळेत मित्रमैत्रिणींचा ग्रुप जमवला होता.

आता लिंडाला व्हॉइस ट्रॅकिंग हवं होतं. म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगमधलं निवेदकाचं बोलणं कापायचं, गाण्यांच्या मध्ये बसवायचं आणि शो कॉम्प्युटरवर सोडून द्यायचा. तारखा, हवामान, फोन करणाऱ्यांची नावं काढून टाकायची. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस आत्ता बोलतोय.

"निदान रेकॉर्डेड आहे असं सांगू या," मी म्हणालो.

"कशाला? लोकांना अर्ल हवाय. आपण अर्ल देतोय."

तरी मी पहिल्या शोच्या सुरुवातीला तसं एक वाक्य टाकलं. दुसऱ्याच दिवशी लिंडाने ते काढायला लावलं आणि मला वॉर्निंग दिली. माझ्या ग्रीन कार्डची फाइल याच कंपनीतर्फे चालू होती. पुढचा शो मी त्या वाक्याशिवाय कापून दिला.

पुढच्या रविवारी अर्लचा फोन आला. "किचनमध्ये बसलोय. आत्ताच मी रेडिओवरून मला गुड मॉर्निंग म्हणालो. उत्तर द्यावं की नाही, कळेना."

"सॉरी, अर्ल."

"कटिंग छान केलंयस. जोड कुठे कळत नाही."

त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच सकाळी सई स्टेशनचा नंबर लावून कंटाळली होती. "बाबा, ही इज नॉट पिकिंग अप."

मी तिला खरं ते सांगितलं.

"देन हू इज टॉकिंग?"

"अर्लच. जुना."

तिने रेडिओ बंद केला आणि माझ्याकडून अर्लचा घरचा नंबर घेतला. त्यानंतर तिचा ग्रुप त्याच्या घरी जाऊन शिकू लागला. हिवाळा संपता संपता अर्ल गेला. शनिवारी चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला ही पोरं गायली. त्याच्या जुन्या ग्रुपमधला कोणीच उरला नव्हता.

रविवारी शो ठरल्या वेळी सुरू झाला. थोड्याच वेळात अर्लच्या मुलाचा फोन आला. "आई रेडिओसमोर बसलीये. ती डॅडशी बोलतेय. प्लीज बंद करा."

मी लिंडाला फोन लावला.

"मध्येच बंद केलं तर डेड एअर जाईल," ती म्हणाली. डेड एअर म्हणजे रेडिओवरची शांतता. आमच्या धंद्यात त्याहून मोठा गुन्हा नाही. "आजचा होऊ दे. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी कंपनीने मुलाला कळवलं, की रेकॉर्डिंग कंपनीच्या मालकीची आहेत.

शो अजून चालू आहे. या वयातही अर्लचा आवाज किती खणखणीत आहे, असं कौतुक करणाऱ्या ईमेल येतात. लिंडा त्या मीटिंगमध्ये वाचून दाखवते.

बंद पडलेलं चालू कसं करायचं, ते मला शिकवलं आहे. चालू असलेलं बंद करायला वरून परवानगी लागते.