डाव्या हाताची सुरगाठ

अनुराधाबाई जन्माच्या डावखुऱ्या. उज्जैनला माहेरी डाव्या हाताने घास उचलला की आईचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि जेवायला बसताना लेकीचा डावा हात कमरेशी बांधून टाकला. माया नव्हती असं नाही हो, उद्या सासरी पोरीला नावं ठेवतील हीच धास्ती. पोर रडत रडत उजव्या हाताने वरणभात कालवायला शिकली. पुढे भोपाळच्या शाळेत शिकवताना जन्मभर त्याच उजव्या हाताने फळ्यावर गणितं सोडवली. डावा बापडा बरण्यांची घट्ट झाकणं उघडण्यापुरता उरला.

आणि साठी उलटल्यावर मेंदूत रक्ताची गुठळी अडकली न् नेमका उजवाच लुळा पडला. भोपाळच्या साकेत नगरातल्या त्यांच्या घरात सगळे हबकले. बाई मात्र दवाखान्यातून घरी आल्या आल्या डाव्या हाताने पोहे हाणायला लागल्या! "बघा," नवऱ्याला म्हणाल्या, "हा काही विसरला नव्हता." दिलीपराव खूश. त्यांनी बटणं लावावीत, चहा ओठाशी धरावा, तोही बाईंनी मागायच्या आत.

फिजिओथेरपीला येणाऱ्या तन्वीने मात्र कपाळाला हात लावला. चुणचुणीत पोरगी, बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी.

"काकू, असं बिल्कुल नाही चालणार. मेंदूचा जो भाग गेला, तो गेला. आजूबाजूचे भाग त्याचं काम शिकून घेतात, पण गरज पडली तर ना! सगळं डावाच करत राहिला तर मेंदू उजव्याला विसरून जाईल. आत्ता बोटं थोडी हलतायत, हेच दिवस आहेत. रोज थोडा वेळ डावा हात बांधून ठेवायचा, बस." तिने नाड्या लावलेला जाड हातमोजा पुढे केला.

"बांधायचा?" बाईंचा आवाज चिरकला. "एकदा बांधून झालाय तो. आता जीव गेला तरी नाही!"

तन्वी समजावून समजावून थकली. दिलीपरावांनी मोजा उचलला आणि परत ठेवून दिला, त्यांचाही धीर होईना. दिवस जात राहिले, उजवी बोटं आक्रसत चालली.

मग एका दुपारी जेवताना भाजी वाढायला दिलीपरावांनी टेबलावरचा बाईंचा उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवून दिला, मधे आलेली पिशवी बाजूला करावी तसा. त्यांच्या मनात काहीच नव्हतं. पण बाईंचा घास हातातच राहिला. टेबलाखाली तो हात गप्प पडून होता. लहानपणी डावा अस्साच पडून असायचा! अगं बाई, आईने डाव्याचं केलं तेच मी उजव्याचं करतेय की, त्यांना वाटलं.

"अहो, आणा तो मोजा."

"अनू, नक्की?"

"आणा म्हणते ना! आणि सुरगाठ मारा, ओढली की सुटेल अशी. आई निरगाठ मारायची."

दिलीपरावांनी डोळे पुसत सुरगाठ मारली.

पुढे त्या घरात जे रामायण झालं, ते विचारू नका. पोहे जमिनीवर, चमचा कपाटाखाली, एकदा तर वाटी भिंतीवर. दिलीपराव मदतीला उठले की "बसा खाली!" बिचारे गॅलरीत जाऊन उगाच तुळशीला पाणी घालत बसायचे. तन्वी राजम्याचे दाणे उचलायला लावायची, "शाब्बास काकू!" म्हणायची आणि वर बोलणीही खायची. एखाद्या सकाळी अंगठा बोटाला टेकायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा रुसून बसायचा. बाई रडायच्या, नाक पुसायच्या आणि पुन्हा दाण्याकडे वळायच्या.

एक दिवस दिलीपराव आंघोळीहून आले तर मोजा जमिनीवर पडलेला. ते भडकलेच.

"कोणी सोडला? तन्वीने सांगितलंय ना, वेळ संपेपर्यंत काढायचा नाही म्हणून!"

अनुराधाबाईंनी फक्त उजवा हात थोडा वर उचलला. दोन बोटांत अजून नाडीचं टोक होतं.

"याने सोडला," त्या म्हणाल्या.

दिलीपराव तसेच ओल्या केसांनी खाली बसले. उजवा दमून मांडीवर पडला, तेव्हा मोकळ्या झालेल्या डाव्याने बाई त्याला कितीतरी वेळ थोपटत राहिल्या.