तांदळात लिहिलेलं नाव

फजिती स्वतःची असली की माणूस ती दुसऱ्याच्या नावावर खपवतो. मी तसं करणार नाही. ही माझीच आहे, आणि भरल्या हॉलमध्ये झालेली आहे. चहा घ्या, सांगतो.

मी सातवी पास. इचलकरंजीला सूतगिरणीत जन्म गेला. मुलगा इकडे इंजिनिअर, त्याने आम्हां नवरा-बायकोला अमेरिकेत, या शुगर लँड गावात आणलं. शिक्षण कमी, पण कागद चोख! माझी एक निळी फाइल आहे. नियम असा, की एका कामाला एकच कागद. जादा दिसला की फाडला. हल्ली ती फाइल मी गाडीतच ठेवतो. या देशात आपल्यासारख्या तोंडाला कधी कोण काय विचारील, सांगता येतं का?

दर शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये आम्ही मराठी म्हातारी माणसं जमतो. त्या दिवशी केतकी आली. नागपूरची पोर, इथे एम.एस. करते. हातात कागदांचा गठ्ठा.

"काका, काकू, आपल्या राज्यात एक बिल येतंय. नागरिकत्वाच्या कागदावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. नाही जुळलं, तर मतदार यादीतून नाव कट. हे बिल नको, असं आमदाराला पत्र लिहायचंय. सही द्या, प्लीज."

मी उभा राहिलो. कुणी विचारलं होतं? कुणी नाही!

"तुला स्वतःला मत आहे का गं?"

"नाही काका. मी स्टुडंट व्हिसावर आहे."

"मग तुला काय पडलंय?"

"तुम्हाला आहे ना, काका. ते राहावं म्हणून."

एवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण अंगात आलं की माझं तोंड थांबत नाही. म्हणालो, "ज्याला दोन कागद नीट ठेवता येत नाहीत, त्याला मत हवंय कशाला? कायदा कडकच पाहिजे. आपण पत्र लिहू, पण बिलाच्या बाजूने!"

मी वयाने सगळ्यांत मोठा. आवाजही मोठा. तिथेच तसं पत्र लिहून सही ठोकली, बाकीच्यांनीही मुकाट्याने केल्या. एकूण अकरा सह्या. आमची ही तेवढी पेन हातात घेऊन बसून राहिली.

"कर की सही. काय बघतेस?"

"बघते, अजून काय काय बोलता ते."

केतकी शहाणी. रागावली नाही. म्हणाली, "काका, तुमची फाइल दाखवता का? चोख कागद कसे असतात, ते सगळ्यांनाच कळेल."

आता सांगा, यात सापळा दिसतो का? मला नाही दिसला. मी ताठ मानेने गाडीकडे गेलो आणि फाइल आणून टेबलावर आपटली. आधी माझे कागद. नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, आडनाव जुळलं. दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग हिचे.

केतकीने नागरिकत्वाचा कागद बघितला. ओळखपत्र बघितलं. परत कागद बघितला.

"काकू, तुमचं नाव काय?"

"कुठलं विचारतेस?" ही म्हणाली. "आईबापांनी ठेवलेलं, का यांनी?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

तर झालं होतं असं. हिचं माहेरचं नाव तारा. लग्नात तबकात तांदूळ पसरले, मी अंगठीने त्यात लिहिलं, सुलोचना. तेव्हा सगळेच असं करत. पण शाळेच्या दाखल्यावर तारा, म्हणून पासपोर्टवर तारा, इथल्या ओळखपत्रावरही तारा. नागरिकत्वाचा फॉर्म भरताना मुलाने विचारलं, "नाव बदलायचं का? इथे बदलता येतं." मी म्हणालो, "सुलोचना लिही. नवऱ्याने ठेवलेलं नाव कागदावर नको?" ओळखपत्र मात्र बदललं नाही. रांगेत कोण उभं राहणार?

"मला कुणी विचारलं होतं?" ही म्हणाली. हळूच म्हणाली, पण हॉल लहान आहे.

"काका, नाव बदललं की कोर्ट एक वेगळा कागद देतं," केतकी म्हणाली. "तो आहे ना?"

होता. जादा वाटला, म्हणून मीच फाडला होता!

"परत मिळेल. पण वेळ लागेल. बिल पास झालं आणि त्याआधी निवडणूक आली तर..." पोरीने वाक्य पुरं केलं नाही. उपकार केले.

तुम्हाला माहीत नाही, नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न हिने पोळ्या लाटता लाटता पाठ केले. मला दोन अडले, हिला एकही नाही. निवडणुकीच्या दिवशी ठेवणीतली साडी नेसते, माझ्याआधी दारात उभी असते. या बाईचं मत जाणार. का? कुणाला फसवलं? खोटं बोलली? कागद लपवला? काही नाही. सरकार आता तिचं नाव पुसायला निघालंय. मी ते काम तबकभर तांदळात कधीच उरकलं होतं.

अकरा सह्यांचं पत्र मी फाडलं. आयुष्यात पहिल्यांदा योग्य कागद फाडला. मग केतकीच्या पत्रावर पहिली सही हिने केली. तारा. दुसरी माझी.

आता मी आणि ही आपल्या लोकांच्या दारोदार जातो. आधी फाइल उघडायला लावतो. ज्यांची नावं जुळत नाहीत, त्यांत बायकाच जास्त. मग सांगतो, बिल पास व्हायच्या आधी आमदाराला फोन करा, पत्र लिहा. नंतर रडून काही होत नाही. कुणी सही देतं, कुणी दार लावून घेतं.

परवा एका घरी असाच एक ताठ म्हातारा भेटला. माझंच बोलणं मलाच ऐकवत होता. "नाही हो करणार मी सही! नियम म्हणजे नियम. आमचे कागद अगदी चोख आहेत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून ही म्हणाली,

"यांचेही चोखच होते हो!"