काजळाची मिशी

काजळाची मिशी साबणानं जात नाही. साबणानं ती पसरते आणि सगळं तोंडच काळवंडतं. खोबरेल तेल लावून मऊ फडक्यानं हळूहळू पुसावी लागते. हे मला वयाच्या सातव्या वर्षापासून माहीत आहे, आणि जिच्यामुळे माहीत झालं तिला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. वय वाढलं की माणसं मऊ होतात म्हणे. मी झाले नाही.

ती बाई म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. हिंगणघाटात आमचं कापडाचं दुकान होतं आणि आत्याला गावातच कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगवाल्यांकडे दिलेली होती. जिनिंग नवऱ्याची, पण आवाज आत्याचा मोठा. तिच्या शब्दाबाहेर ना माझे वडील होते, ना आई. महिला मंडळाची अध्यक्षही तीच; त्या पदाची निवडणूक झाल्याचं गावात कुणालाच आठवत नाही.

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या पोरींनी परदेशातून मुकुट आणले, टीव्हीवर त्यांची हसरी तोंडं दिसू लागली आणि आमच्या गल्लीबोळांत ब्यूटी पार्लरच्या पाट्या लागल्या. आत्याच्याही डोक्यात किडा वळवळला. तिच्या हाताशी आयती भुलाबाई होती.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई आणि शेजारी मातीचे भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. घरची बाई झाकलेला डबा हलवते आणि नुसत्या आवाजावरून सांगायचं, आत शेंगदाणे आहेत की साखरफुटाणे. यात कोण कशी दिसते याचा संबंधच नव्हता. आमच्यातली जी पोरगी सदा शेंबडी असायची, तिचा अंदाज कधी चुकत नसे, म्हणून तीच आमची पुढारी होती.

आत्यानं या खेळाची सौंदर्यस्पर्धा करून टाकली. चार ते आठ वर्षांच्या मुलींनी मंदिरामागच्या सभागृहात स्टेजवरून चालायचं, मान वळवून हसायचं. पहिली येईल तिला पाटावर बसवून, जिवंत भुलाबाई म्हणून सगळ्या बायकांनी ओवाळायचं. आता भुलाबाई म्हटली की शेजारी भुलोजी हवेतच. मग भुलोजी कोण? सगळ्यात शेवटी येईल ती. तिला टोपी घालायची आणि काजळानं मिशी काढायची. हे आत्याला इतकं गमतीदार वाटलं की सांगतानाच तिला हसू आवरेना. बाकीच्या बायकाही हसल्या, कारण अध्यक्ष हसत होत्या.

आयांची भांडणं होणार हे ओळखून तिनं माइकवरून नियमही सांगून टाकला. परीक्षक ज्याचं नाव घेईल त्यानं पाटावर बसायचं आणि ओवाळून होईपर्यंत उठायचं नाही. "भुलाबाईच्या पाटावरून मधीच उठनं म्हनजे अपशकुन असते," ती म्हणाली. अपशकुनापुढे आमच्या गावात कुणाचं काही चालत नाही.

मी सावळी. सावळी कसली, काळीच. पण तोवर ही बातमी माझ्यापर्यंत पोचली नव्हती. चेहरा हा जेवायला, रडायला आणि डोळे मिटायला असतो असंच मी धरून चालले होते. त्याला कुणी गुण देतं हे मला त्या वर्षी कळलं. "अध्यक्षाच्या घरचीच पोट्टी नसली त लोक काय म्हनतीन?" असं म्हणून आत्यानं मला भाग घ्यायला लावलं. आई पंधरवडाभर मला डाळीचं पीठ आणि हळद चोळत होती, वर ट्यूबमधलं गोरं करणारं क्रीम. आणि मला वाटत होतं मी जिंकणार. नवा फ्रॉक होता, मी छान चालले होते, हसलेही होते. न जिंकायचं कारणच मला दिसत नव्हतं.

पार्लरवाली बाई परीक्षक होती. आत्या तिच्या कानाशी लागली आणि निकाल लागला. डॉक्टरांची गोरी मुलगी भुलाबाई झाली. भुलोजी म्हणून माझं नाव पुकारलं तेव्हा मी टाळ्या वाजवत पुढे गेले, कारण भुलोजी म्हणजे दुसरा नंबर असेल असं मला वाटलं. सभागृहात जो हशा उठला तो मला आजही ऐकू येतो. मग मी रडायला लागले.

आत्यानं स्टेजवरून आईला हाक मारली. "वहिनी, मिशी तूच काढ. रांगोळीले तुहा हात चांगला चालते."

आई वर आली. "ताई, राहू द्या ना. लेकरू रडून राह्यलं."

"पाटावर बसली हाय ते. आता उठवशीन त अपशकुन. काढ लवकर."

आईनं अंगठ्यानं माझी हनुवटी धरली. तिचा हात थरथरत होता, म्हणून मिशी एका बाजूला जाड झाली. मी तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होती. फोटो काढला गेला. आत्यानं तो फ्रेम करून आपल्या बैठकीत शोकेसच्या वर लावला. आल्यागेल्याला दाखवायची. मला पाहायला पहिली मंडळी आली, त्यांनाही तिनं चहाआधी तो फोटो दाखवला.

त्यानंतर दरवर्षी कुणीतरी पोरगी भुलोजी होत राहिली. काळी, चकणी, जाडी, ओठ फाटलेली. त्यांच्या आया मूग गिळून ओवाळत राहिल्या. मी मात्र डूख धरून बसले होते. शिकले, वर्ध्याला शाळेत शिक्षिका म्हणून लागले, स्नेहसंमेलनांमध्ये भाषणं करू लागले, आणि दोन हजार दहा सालानंतर कधीतरी जे व्हायचं होतं ते झालं. आत्याचा फोन आला. या वर्षी परीक्षक शिकलेली पाहिजे, तू ये. पुढचं तिनं हळू आवाजात सांगितलं. "माही नात हाय या वर्षी. आपलीच पोट्टी पाटावर बसली पायजे. समजलं नं?"

समजलं. मी फोन ठेवला आणि एकटीच हसले. देवानं उट्टं काढायची संधी ताटात वाढून दिली होती. आत्याची नात पाटावर बसणार होती खरी, पण भुलोजीच्या. तिच्या मिशीचा फोटो मी स्वतः फ्रेम करून आत्याला भेट देणार होते. फ्रेमचा रंगसुद्धा मी ठरवून ठेवला होता.

रविवारी दुपारी सभागृहात पोचले. स्टेजमागच्या खोलीत मुली ओळीनं उभ्या होत्या, ओठ रंगवलेले, केसांना कडक फवारे मारलेले. टेबलावर खिरापतीचा डबा होता, पण लिपस्टिक पुसली जाईल म्हणून कुणालाही काही खाऊ देत नव्हते. आत्याची नात कोपऱ्यात होती. सहा वर्षांची असेल. तिचा पुढचा दात नुकताच पडला होता आणि त्या फटीत आत्यानं पांढऱ्या मेणबत्तीचं मेण दाबून बसवलं होतं. ते निघेल म्हणून पोरगी ओठ घट्ट मिटून नाकानं श्वास घेत होती.

मी जवळ बसले तशी ती ओठ जेमतेम उघडून, दातांआडून बोलली. "मी हरली त मले भुलोजी करतीन काय?"

मी डबा हलवला. "सांग, काय आहे?"

"शेंगदाने," ती लगेच म्हणाली, आणि मेण निसटून तिच्या मांडीवर पडलं. ती इतकी घाबरली की मी फ्रेमचा रंग विसरले. आत्याचं देणं आत्यालाच द्यायचं होतं, हिला नाही.

मुली चालल्या, वळल्या, हसल्या. मी माइक घेतला. "भुलाबाई या सगळ्याच जणी आहेत. पाट पुरणार नाही, म्हणून त्या सतरंजीवर बसतील आणि आत्ता लगेच खिरापत खातील." सभागृहात कुजबुज झाली. "भुलोजी मात्र एकच असतो. या वर्षीचे भुलोजी आपल्या अध्यक्षबाई."

आत्या खुर्चीतून उठली. "डोस्कं फिरलं काय वं तुहं?"

"परीक्षकानं नाव घेतलं की बसायचं, आत्या. नियम तुझाच आहे."

तिनं बायकांकडे पाहिलं. एरवी तिच्या नजरेनं ओळीच्या ओळी गप्प होत. मागून कुणीतरी ओरडलं, "बसा ना जी अध्यक्षबाई, नाई त अपशकुन होईन!" मी वळून पाहिलं. त्या बाईची चकणी मुलगी मागे एकदा भुलोजी झाली होती. मग दुसरी ओरडली, तिसरी ओरडली, आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्या बऱ्याच वर्षांच्या साचलेल्या होत्या. आत्या पाटावर बसली. तिचं तोंड उतरलेलं पाहून मला जे वाटलं त्याला आनंद हाच शब्द आहे, आणि तो वापरायची मला लाज वाटत नाही.

सतरंजीवर तिची नात दाणे चावत होती. "आजीले मिशी काढतीन?" असं म्हणून ती खदाखदा हसली, दाताची फट दाखवत.

मी काजळाची डबी उघडून बोट बुडवलं, तेवढ्यात पहिल्या ओळीतून आई उठली. आयुष्यभर नणंदेपुढे मान वर न केलेली माझी आई पदर खोचून स्टेजवर आली आणि माझ्या हातातून डबी घेतली.

"आन इकडं. मिशी काढाचा हात माहा हाय."

तिनं अंगठ्यानं आत्याची हनुवटी धरली, अगदी माझी धरली होती तशी. या वेळी हात थरथरत नव्हता. आत्यानं मान झटकायला पाहिलं.

"हलू नका, ताई," आई म्हणाली. "काजळ हाय. साबनानं जात नाई."